ओडीलच्या हातची कॉफी

वादळ येऊन गेलं त्याच्या तिसऱ्या दिवशीही न्यू ऑर्लीन्सच्या जेंटिली वस्तीत वीज परतली नव्हती आणि अल्सीड फॉन्टेनेलचा सगळा जीव फ्रीजरमधल्या एका ट्रेमध्ये अडकला होता.

ट्रेमध्ये गोठवलेल्या कॉफीचे चौदा खडे होते. त्याची बायको ओडील फेब्रुवारीत गेली. त्याआधीच्या शनिवारी तिने नेहमीसारखं चिकोरीवाल्या कॉफीचं अख्खं पाकीट मोठ्या पातेल्यात गार पाण्यात भिजत घातलं, रविवारी सकाळी फडक्यातून गाळलं आणि बाटलीत मावलं नाही ते या ट्रेमध्ये ओतलं. बाटली अंत्यविधीला आलेल्या पाहुण्यांनी संपवली. ट्रे तेवढा राहिला. सात महिने अल्सीड रोज फ्रीजर उघडून तो बघायचा आणि दार लावून टाकायचा. एखाद्या बऱ्या दिवशी पिऊ, असं स्वतःला सांगायचा. तसा दिवस काही उगवला नाही.

न्यू ऑर्लीन्समध्ये वीज गेली की फ्रीजर रिकामे होतात आणि नासण्याआधी सगळं शिजवून एकत्र जेवायला शेगड्या रस्त्यावर येतात. शेजारची व्हर्नेल घमेलं घेऊन दारात हजर झाली.

“काय दडवलंयस ते काढ बाहेर, अल्सीड! उद्या वास सुटला की मीच बोंब मारीन.”

“कोळंबी आहे. दोन पाकिटं सॉसेज. ने.”

“बस, एवढंच?”

“एवढंच.”

“खोटारड्या! बरं, तासाभरात जेवायला ये. घरात एकटा कुढत बसू नकोस.”

ती गेल्यावर त्याने ट्रे काढला. खड्यांचं पाणी होत आलं होतं. आज नाही तर कधीच नाही. त्याने सगळं बरणीत ओतलं, बरणीतून ओडीलच्या उंच ग्लासात काठोकाठ घेतलं आणि तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. शेहेचाळीस वर्षं दुपारी चार वाजता इथेच त्याच्या हातात ग्लास आयता यायचा, गार, काळ्या कॉफीचा. स्वयंपाकघरात या गृहस्थाचा पाय पडायचा तो फक्त बल्ब बदलायला.

पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. काढ्यासारखी कडू, दाट, घशाला चिकटणारी. त्याने आणखी एक घोट घेऊन पाहिला. तीच चव.

“नासली,” तो म्हणाला. बऱ्या दिवसाची वाट बघत मीच नासवली. त्याला रडू आलं आणि तो मोकळेपणी रडला, बघायला होतं कोण? मग त्याने ग्लास मोरीत ओतला, बरणीतली उरलेलीही ओतली आणि भांडी स्वच्छ विसळून ठेवली.

रस्त्यावर जेवणं रंगात आली होती. व्हर्नेलने त्याची ताटली कोळंबीने भरली आणि ती कपाळावरचा घाम पुसत त्याच्या शेजारी बसली.

“या उकाड्यात ओडीलची गार कॉफी हवी होती बघ. तिचा तो अर्क उरलाय का रे कुठे? एका ट्रेमध्ये सहाजणांना पाजायची ती.”

“सहाजणांना?”

“मग! थोडासा अर्क आणि वर तिप्पट पाणी. नुसता प्यायला तर कडूजहर लागतो, माणूस थुंकून टाकेल. इतकी वर्षं पीत होतास आणि तुला माहीत नाही?”

अल्सीडच्या हातातला काटा तसाच राहिला. ती नासली नव्हती. ती अगदी ओडीलने केली तशीच होती आणि त्याने स्वतःच्या हाताने ती मोरीत ओतली होती, तासाभरापूर्वी.

“माहीत आहे की,” तो म्हणाला.

“मग, आहे का उरलेला?”

“नाही. संपला.”

“शेवटची कशी झाली होती?”

“नेहमीसारखी. झकास.”

“होणारच. हात कुणाचा होता!” व्हर्नेलने डोळे टिपले आणि त्याच्या ताटलीत आणखी एक सॉसेज वाढलं.

तो मान खाली घालून जेवत राहिला. आजूबाजूला सगळी गल्ली हसतबोलत होती. त्याचा हा पराक्रम ऐकून जी पोट धरधरून हसली असती आणि हसता हसता जिने त्याचं दुःख हलकं केलं असतं, अशी एकच होती, ओडील, आणि नेमकं तिलाच तो सांगता येत नव्हता.