हंड्यातलं पाणी

देवपूजा आटोपून अनसूयाबाई बाहेरच्या खोलीत आल्या, काचेच्या टाकीपाशी थबकल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. तळाच्या वाळूवर झिंगे आडवे पडले होते. एक उताणा, दोन कुशीवर, बाकीचे जिथं होते तिथंच. कालपर्यंत आरपार दिसणारं त्यांचं अंग आज उकडल्यागत गुलाबट-पांढरं पडलं होतं. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केली. एकानंही मिशी हलवली नाही.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर बसायचंही त्या विसरल्या.

आता हे झिंगे म्हणजे काही अनसूयाबाईंचे लाडके नव्हेत, असं अख्ख्या गल्लीचं मत होतं, आणि ते मत त्यांनी स्वतःच्या तोंडानं तयार केलेलं होतं. सून वैदेहीनं दोन वर्षांपूर्वी सोलापुरातून ही टाकी आणली. काचेवर हिरवं शेवाळ धरायला लागलं, तेव्हा ते खाणारे म्हणून हे बारा झिंगे आणले. सोवळ्यातल्या घरात झिंगे! अनसूयाबाईंनी त्या दिवशी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो पुढं दीड वर्ष चालू ठेवला. "एक दिवस मोरीत ओतून देईन," हे वाक्य त्यांनी हळदीकुंकवात म्हटलं, किराणा दुकानात म्हटलं, पाव्हण्यांच्या पंगतीतही म्हटलं. सून ऐकून घ्यायची. उलट बोलायची नाही, आणि टाकीचं कुठलंच काम सासूला सांगायचीही नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात गुडघे धरले. पूजा झाली की त्या बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसायच्या आणि समोर टाकीच असायची. बघता बघता नजर अडकली. ते झिंगे दिवसभर काचेवरून, दगडावरून, पानांवरून इवल्या हातांनी शेवाळ खुडायचे आणि तोंडात घालायचे. क्षणाची उसंत नाही. असं कामसू पोर आपल्या घरात एक तरी निपजलं असतं, असं त्यांच्या मनात यायचं. पण हे कुणाजवळ कबूल करणार? दीड वर्ष बोललेलं गिळायचं म्हणजे फार कठीण काम. सून आली की त्या चटकन जपमाळ हातात घ्यायच्या.

वैदेही आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी माहेरी, ईट गावाला गेली, तिला चार दिवस झाले होते. जाताना म्हणाली होती, "आई, टाकीचं काही बघू नका. मी आल्यावर करीन." काल संध्याकाळी अनसूयाबाईंना दिसलं की पाणी चार बोटं खाली गेलंय. नळाला पाणी येऊन पाच दिवस झालेले. अंगणातल्या निळ्या पिंपाच्या तळाशी गाळ तेवढा उरलेला. असलं पाणी जित्या जिवाला कसं घालायचं? त्यांनी तांब्याच्या हंड्यातलं घातलं. स्वतः गाळून भरलेलं, प्यायचं पाणी. सकाळीच हंडा चिंच-मीठ लावून लखलखीत घासून पिंपातलं शेवटचं नितळ पाणी त्यात भरलं होतं. घरात चांगलं म्हणावं असं तेवढंच पाणी होतं, त्यातले सहा गडवे त्यांनी हळूहळू, काचेच्या कडेनं सोडले. एवढी माया त्यांनी सख्ख्या नातवंडांवरच केली असती.

आणि आज हे.

त्यांनी अनिरुद्धला फोन लावला. तो पंचायत समितीत कारकून. साहेब समोर असावेत, हळू आवाजात बोलत होता.

"अरे, ते झिंगे मेले रे सगळे."

तो म्हणाला, "आई, शेवटी केलंसच का तू?"

"मी काय केलं?"

"आता वैदेहीला मी काय सांगू? लई जीव होता तिचा. ठेवतो, काम आहे."

पोटच्या पोरानं विचारलंसुद्धा नाही, काय झालं म्हणून. अनसूयाबाई हातातल्या फोनकडं बघत राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या द्वारकाबाई कढीपत्ता मागायला आल्या, टाकीत डोकावल्या आणि मोकळेपणानं हसल्या. "टाकलंत व्हय काहीतरी? बरं केलंत. सुटली पीडा." अनसूयाबाई सांगायला गेल्या, पण द्वारकाबाईंनी डोळा मिचकावला. "मी न्हाय सांगत सुनंला."

तेव्हा त्यांना खरी भीती वाटली. दुपारी सून येणार. तिनंही हेच मानलं, तर हा डाग जन्मभर राहणार. ज्या घरात शेवटचे दिवस काढायचे, त्या घरात सून आपल्या हातचं पाणी पिताना दोनदा विचार करणार. मेलेले काढून टाकावेत, आपोआप मेले म्हणावं, असंही मनात आलं. पण टाकीत हात घालायचा धीर होईना.

वैदेही साडेबाराला आली. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून टाकीपुढं गुडघ्यावर बसली. अनसूयाबाई तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या.

"मी मुद्दाम न्हाय केलं गं. पाणी कमी झालं होतं. ती एक पोटुशी होती, म्हणून घातलं."

वैदेहीनं मान वळवली. "पोटुशी? कोणती?"

"ती एक मिशी तुटलेली. ह्या पानामागं बसायची. पोटाखाली बारीक अंडी होती, सारखी पाय हलवून वारा घालायची त्यांना. बारा दिवस झाले."

वैदेही त्यांच्याकडं बघतच राहिली. तिला स्वतःला ती अंडी दिसली नव्हती. शाळेतली नोकरी, डबे, घर यात चार मिनिटं टाकीपुढं बसायला तिला कधी मिळायचं?

"कुठलं पाणी घातलंत, आई?"

"हंड्यातलं. मी पिते तेच."

वैदेहीनं डोळे मिटले. "तांबं उतरतं त्यात. माणसाला काही होत न्हाय, ह्यांना मात्र थोडंही सोसत न्हाय. मरतात."

"तुला माहीत होतं हे?"

"हो."

"मग मला का न्हाय सांगितलंस?" अनसूयाबाईंचा आवाज चिरकला. "एका शब्दानं सांगितलं असतंस तर जीव वाचले असते."

वैदेही तळाच्या वाळूकडं बघत, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी पाणी घालाल, असं माझ्या मनातच आलं न्हाय, आई."

ती रागानं बोलली असती तर अनसूयाबाईंना उत्तर सुचलं असतं. आयुष्यभर सुचत आलं होतं. अंगावर कुणी उकळतं पाणी टाकावं तशा त्या उभ्या होत्या.

वैदेहीचा फोन वाजला. अनिरुद्धचा होता. "न्हाय हो, आईंनी काही केलं न्हाय," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी त्यांना सांगितलंच न्हवतं."

सकाळपासून अनसूयाबाईंना एवढंच हवं होतं, की कुणीतरी आपल्यावर विश्वास ठेवावा. तो ठेवला गेला होता, आणि त्यांना मान वर करून सुनेकडं बघवत नव्हतं.