सरांनी उलटी ठेवलेली पट्टी

उंदराच्या आतल्या कानात पेशींची एक नाजूक पट्टी असते. या पेशी वरच्या टोकाला एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की वरचं पाणी खाली झिरपत नाही. टाके उसवले की ऐकणं गेलंच म्हणा. मी कित्येक वर्षं हेच टाके बघत बसलेय, आणि माझी आई अजून पाहुण्यांना सांगते, "आमची ही उंदीर पाळते."

मोठ्या आवाजाने हे टाके उसवतात, असा आमच्या सरांचा दावा. त्यासाठी एका उंदराला भोंगा ऐकवून झाला होता. आज सर सगळ्या विभागासमोर पुरावा दाखवणार होते. "तुमच्या हाताला वळण नाही," असं आम्हाला सुनावून पट्टी त्यांनी स्वतःच काचेवर ठेवली. टाके रंगवलेले असतात; शाबूत असले की सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर त्यांची हिरवी जाळी चमकते. तिथे नुसता अंधार.

"बघा! एक टाका शिल्लक नाही!" सर गरजले.

मी वाकून काचेकडे पाहिलं. पट्टी उलटी होती, टाके खाली आणि बूड वर! आमच्याकडे हे नवशिके करतात, आणि मग त्यांना वर्षभर चिडवतात.

"सर, पट्टी उलटी आहे," मी हळूच म्हणाले. पण मी उभी त्यांच्या डाव्या कानाशी. त्या कानाने त्यांना ऐकू येत नाही हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक, फक्त सर मानत नाहीत. त्यांची बायको याच इमारतीत लोकांचे कान तपासते. ती पहिल्याच रांगेत बसली होती.

मी पुन्हा सांगितलं. सर आपले विभागप्रमुखांना म्हणतायत, "उद्याच छापायला पाठवतो!" छापलं असतं तर सरांची जगभर शोभा झाली असती, आणि माझीही. माझं डोकंच फिरलं.

"सर! पट्टी उलटी ठेवलीय तुम्ही!"

सरांनी चिमट्याने पट्टी उलटवली. जाळी लखलखली. एकूण एक टाका जागच्या जागी.

"कधीपासून सांगतेयस?"

"मघापासून. तुम्हाला ऐकूच येत नाही, सर."

हे त्यांना तोंडावर कुणीच बोललं नव्हतं. मला रडू यायला लागलं. सरांनी चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे उंदराचा कान ठणठणीत आहे तर," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, मान खाली घालून पुटपुटले, "दुपारी येतो कान तपासून घ्यायला."

मॅडमनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला. मागच्यांनाही ऐकू द्या."