कपाळावरचं वाक्य

आमच्या मदत गटाचं काम एका बंद पडलेल्या बॅडमिंटन हॉलमध्ये चालायचं. नेट गुंडाळून भिंतीशी उभं केलेलं आणि कोर्टाच्या पांढऱ्या रेषांवर सहा-सहा फुटांवर टेबलं मांडलेली. साथीमुळे एकमेकांपासून लांब राहायचं होतं. आम्हाला ते जड गेलं नाही, कारण निम्म्या सभासदांचं आधीपासूनच पटत नव्हतं.

काम सोपं होतं. पारदर्शक प्लास्टिकचा कागद, कपाळाला टेकायला स्पंजाची पट्टी, मागे इलॅस्टिक. तीन टाचण्या मारल्या की फेसशील्ड तयार. नर्सेसनी ते तोंडासमोर लावायचं, म्हणजे पेशंट खोकला तर तो प्लास्टिकवर खोकेल.

गट मी सुरू केला नव्हता. मी त्यात गेलो बहिणीमुळे. ती मोठ्या दवाखान्यात नर्स. तिथे तिला सगळे सिस्टर म्हणतात; तिला बहीण म्हणण्याचा खरा हक्क असलेला मी एकटा, आणि मी तिला बारकी म्हणतो. अंगापिंडाने ती बारकीच आहे. शाळेच्या फोटोत तिला दरवर्षी पहिल्या रांगेत बसवायचे, तरी शोधावी लागायची.

"दादा, आमच्या वॉर्डात आम्ही चौदा जणी आणि शील्ड पाच," तिने फोनवर सांगितलं. "एकीचं उतरलं की पुसायचं आणि दुसरीने घालायचं. तुमच्या कॉलनीत काहीतरी बनवतायत ना? बघ जरा."

मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मला स्टेपलर मिळाला.

त्या दिवसांत बातम्यांमध्ये आकडे यायचे. पहिल्या आठवड्यात मी ते बायकोला वाचून दाखवायचो, दुसऱ्यात मनात वाचायचो, तिसऱ्यात वाचायचं सोडलं. भाजी मात्र रोज साबणाने धुवायचो. माणूस कशाला तरी धरून राहतो.

स्टिकरची कल्पना अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्यभर लोकांना मरणाची आठवण करून दिल्यामुळे या साथीत सर्वांत शांत तेच होते. "नुसतं प्लास्टिक पाठवणं कोरडं वाटतं," ते म्हणाले. "त्यांना कळलं पाहिजे की समाज पाठीशी आहे. चार शब्द हवेत." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझा धंदा मजकूर लिहिण्याचा. औषधांच्या खोक्यांवरच्या सूचना, कॅलेंडरवरची सुवचनं, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' वगैरे. मी दहा मिनिटांत लिहून दिलं: 'तुम्ही जाग्या आहात, म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.' ते हॉलमध्ये वाचून दाखवलं. एकीने डोळे पुसले. इतक्या वर्षांत माझ्या मजकुरावर कोणी डोळे पुसल्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे वाक्य चांगलं आहे असं मलाही वाटू लागलं.

गटातल्या छापखानेवाल्याने स्वखुशीने दोन हजार स्टिकर छापून आणले. दोन इंच उंच, निळ्या रंगात, खाली गटाचं नाव. कागद औषधाच्या बाटल्यांचा होता. "पाण्यात ठेवा, निघणार नाही," तो म्हणाला. आम्ही त्याला शाबासकी दिली.

स्टिकर कुठे लावायचा ते ठरवायला पहिलं शील्ड अध्यक्षांना घातलं. अध्यक्षांना टक्कल आहे. त्यांचं कपाळ भुवयांपासून सुरू होतं आणि मानेपाशी संपतं. स्पंजाच्या पट्टीखाली स्टिकर चिकटवला, तो ऐन कपाळावर बसला. झकास दिसला. मी स्वतः फोटो काढला.

"माप कोणाचं घेतलंत?" टेबलामागून काकूंनी विचारलं. काकू शिवणकाम करतात, इलॅस्टिक कापायचं काम त्यांच्याकडे होतं.

"अध्यक्षांचं," मी म्हणालो.

"हे वॉर्डात जाणार आहेत का?"

"काकू, हे फ्री साइज आहे."

"फ्री साइज म्हणजे कोणालाच न बसणारं," काकू म्हणाल्या आणि कात्री चालवू लागल्या. त्यांच्या बोलण्याला टोमणा समजायची आमच्याकडे पद्धत होती. माहिती समजायची नव्हती.

साठ शील्ड बारकीच्या वॉर्डात गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"दादा, शील्ड छान आहेत. फक्त ते स्टिकर."

"वाक्य आवडलं का?"

"डोळ्यासमोर येतंय रे. आम्ही टोपी घालतो, ती भुवयांपर्यंत असते. मग तुमची पट्टी भुवयांवर बसते आणि वाक्य डोळ्यांवर. समोर पेशंट आणि मध्ये तू."

"काढून टाका की."

"काढतोच. वरचा कागद निघतो, डिंक राहतो. डिंक स्पिरिटने पुसला तर प्लास्टिक पांढरं होतं. आंघोळीनंतरच्या आरशासारखं. पुढची पाठवशील ती बिनस्टिकरची पाठव, बस."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि सांगितलं. शनिवारच्या बैठकीत, चहा झाल्यावर, 'इतर विषय' आल्यावर. मी म्हणालो, "वॉर्डातून एक छोटीशी सूचना आली आहे, स्टिकर किंचित खाली येतो." छोटीशी हा शब्द माझा. किंचित हाही माझा. डिंकाचं, स्पिरिटचं आणि पांढऱ्या पडलेल्या प्लास्टिकचं मी काही बोललो नाही. छापखानेवाला समोर बसला होता, त्याला वाईट वाटलं असतं. शिवाय लोक ते वाक्य आपापल्या फोनवर स्टेटस म्हणून लावून बसले होते.

चर्चा अर्धा तास चालली. अध्यक्ष म्हणाले, "भावना काढून घ्यायची नाही. जागा बदलू." स्टिकर अर्धा इंच वर सरकवावा असा ठराव झाला. वर स्पंजाची पट्टी होती, त्यामुळे अर्धा इंच कुठून आणायचा हे कोणी विचारलं नाही. हात वर करा म्हणाले. काकूंनी केला नाही. मी केला.

त्यानंतर आणखी ऐंशी शील्ड त्याच वॉर्डात गेली. वाक्यासकट.

नऊ दिवसांनी बारकीच्या मैत्रिणीचा फोन आला. बारकीला ताप होता, तपासणी झाली, तिला तिच्याच वॉर्डात ठेवलं होतं. खिडकीजवळचा पलंग. ऑक्सिजन लावला होता. "काळजी करू नका," मैत्रीण म्हणाली. मी बरं म्हणालो. फोन ठेवून मी कोबी साबणाने धुतला. बायको म्हणाली, हा सकाळीच धुतला होता. मी पुन्हा पुसून ठेवला.

चार दिवस मी हॉलमध्ये रोज जायचो, टाचण्या मारायचो, घरी यायचो. काय वाटतं असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसं सगळं होतं. पाचव्या दिवशी बारकी स्वतः फोनवर आली. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द.

"तू शील्ड घालत होतीस ना?" मी विचारलं.

"घालत होते."

"पूर्ण वेळ?"

"सलाईन लावताना... वर करत होते. दादा, शीर दिसायला नको का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्यानेच झालं असं नाही," ती म्हणाली. "कुठून लागतं ते... कोणालाच कळत नाही. सगळ्याच जणी वर करायच्या." मग थोडं थांबून, "वाक्य चांगलं होतं हं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याने एक खोकं परत पाठवलं. आत पांढरी पडलेली शील्ड, निर्जंतुक करून, व्यवस्थित रचून. चिठ्ठी नव्हती. मी त्यातलं एक घेतलं, डोक्याला रुमाल भुवयांपर्यंत बांधला आणि शील्ड चढवलं. मग काकूंकडून सुई-दोरा मागून घेतला. हॉलभर ऊन होतं. सुई माझ्या हातात आहे हे मला बोटांनी कळत होतं. नेढं मला काही सापडलं नाही. बराच वेळ मी तसा बसलो होतो. काकू शेजारच्या टेबलावरून बघत होत्या.

शनिवारी मी 'इतर विषय' येईपर्यंत थांबलो नाही. सगळं सांगितलं. डिंक, स्पिरिट, सलाईन, खिडकीजवळचा पलंग. छोटीशी म्हणालो तो शब्द माझा होता, हेही सांगितलं. छापखानेवाला मान खाली घालून बसला. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग उरलेले स्टिकर खोक्यावर लावू. भावना पोचेल." खोकी वॉर्डाच्या दाराबाहेरच फोडून टाकतात. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करताना काकू माझ्याकडे बघत होत्या.

"आता माप आणा," त्या मला म्हणाल्या. "जिला घालायचंय तिचं."

बारकीचा ऑक्सिजन अकराव्या दिवशी काढला. त्या दुपारी मी हॉलमधूनच फोन केला. काकू टेप आणि खडू घेऊन समोर उभ्या होत्या; स्पंजाची पट्टी कुठवर यावी ते आखायचं होतं.

"कशी आहेस?"

"भूक लागते आता. उद्या-परवा घरी सोडतील."

"बरं. एक काम होतं. तुझं कपाळ किती आहे?"

"काय?"

"टोपी घातल्यावर. भुवयांच्या वर किती उरतं?"

पलीकडे थोडी खुडबुड झाली. तिने कोणाकडून तरी टोपी मागून घेतली असावी.

"एक बोट," ती म्हणाली.

"एक बोट," मी काकूंना सांगितलं.

काकूंनी आपलं बोट प्लास्टिकवर आडवं ठेवून त्याखाली रेघ मारली, मग बोट उचललं. "कोणाचं बोट, विचारा."

मी विचारलं.

"माझं रे," बारकी म्हणाली. "आणखी कोणाचं?"

काकूंनी खडूची रेघ थोडी वर घेतली आणि माझ्या हातात स्टेपलर दिला.