निवळशंख

लातूर जिल्हा झाला तेव्हा लोकांना वाटलं होतं, आता पाणी येईल. पाणी आलं नाही, कार्यालयं आली. जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली तरी ती येतच होती. त्या साली पावसानं पुरती पाठ फिरवली. एका दुष्काळात इतके साहेब एकदम तहानलेले या भागानं पूर्वी पाहिले नव्हते.

अशाच एका कार्यालयात पंचाक्षरीला कनिष्ठ लिपिकाची नोकरी लागली. तो उदगीरकडचा, बी.ए. झालेला. लातुरात थोरल्या बहिणीकडे, उमादेवीकडे, राहून त्यानं अर्जांवर अर्ज केले होते. नेमणुकीच्या हुकमात एकच अट होती. महिनाअखेरच्या आत सरकारी दवाखान्यातला तंदुरुस्तीचा दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. दाखल्यासाठी सरकार डोळे बघत असे, छाती मोजत असे आणि लघवी तपासत असे. डोक्याची तपासणी नव्हती, त्यामुळं बहुतेक उमेदवार पास होत.

पंचाक्षरीनं औषधाची रिकामी बाटली धुतली, सकाळी ती भरली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग तो मोरीतच खाली बसला. टँकरच्या तळाला शेवटी जो गाळ उरतो, त्याच रंगाचा ऐवज बाटलीत होता.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं दुसऱ्या गावच्या माणसाला वाटेल. पण त्या वर्षी लातुरात सगळ्यांचे डोळे पाण्यावर तयार झाले होते. टँकर आला की बाया पहिला तांब्या उन्हात धरत आणि निकाल देत. गढूळ पाणी म्हशीला, पिवळट भांड्यांना, निवळशंख असेल ते प्यायला. उमादेवी या विषयात गल्लीचं शेवटचं कोर्ट होती. तिच्या हाताखाली उन्हाळा काढलेल्या पंचाक्षरीनं बाटलीला तीच परीक्षा लावली आणि स्वतःला नापास केलं. हे म्हशीच्याही कामाचं नव्हतं.

निवळशंख लघवी घरात एकाच माणसाला होत होती, ती म्हणजे त्याच्या दाजींना.

दाजी म्हणजे उमादेवीचे यजमान रेवणप्पा. त्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान होतं. दुष्काळानं त्यांचं भलं केलं होतं, कारण ज्याच्या घरी पाणी नव्हतं तोही घागर विकत घेत होता. रेवणप्पा पूर्वी चांगले गोलमटोल होते. चार महिन्यांत ते निम्मे झाले, आणि येणारं गिऱ्हाईक त्याबद्दल अभिनंदन करून जाई. "काय शेठ, पोट उतरलं की!" रेवणप्पा म्हणत, "कष्ट हाय बाबा." पण घरात त्यावरून रोज भांडण होतं. पोटावरून नव्हे, पाण्यावरून.

"अवो, सगळ्या घराला जेवढं लागतंय तेवढं तुम्ही एकटेच पिताय!"

"तहान लागती, मी काय करू?"

"अन् रात्रभर मोरीत ये-जा! मुंग्या लागल्यात तिथं, ओळीनं. हळद टाकून टाकून दमले मी."

"दुष्काळ हाय. मुंग्या बी पाणीच हुडकीत असतील."

गल्लीतले सगळे झरे आटले होते, हा एक वाहत होता.

पंचाक्षरी दुकानात गेला. रेवणप्पा तांब्याचा हंडा तराजूत घालत होते.

"दाजी, जरा काम होतं."

"बोल की."

"लघवी पाह्यजे."

रेवणप्पांनी हंडा खाली ठेवला. "कुणाची?"

"तुमची. दवाखान्यात द्यायची हाय, माझ्या नावानं. माझी लई पिवळी हाय. नोकरी जाईल."

मेहुण्यानं आजवर बऱ्याच गोष्टी मागितल्या होत्या, ही नवी होती. रेवणप्पांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. देण्याघेण्यात ते कधीच हात आखडत नसत.

"आरं, एवढंच व्हय? किती पाह्यजे? हंडा भरून देऊ?"

"बाटली पुरं. सकाळची, पण मधल्या धारेची मागितलीया."

"म्हणजे पहिल्या धारेची सरकारला चालत न्हाई म्हण की. इमानदार सरकार हाय."

दुसऱ्या दिवशी पंचाक्षरी ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेला. उजेडात पलीकडचं दिसेल इतकी ती स्वच्छ होती. देताना त्याला उगीच अभिमान वाटला.

त्याच्या पुढच्या दिवशी निकाल सांगायला खुद्द डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. डॉ. तारामती सोनकांबळे मुखेडच्या. त्या फार बोलत नसत, आणि बोलत तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघत नसत, जिभेकडं, नखांकडं, पायांकडं बघत.

"रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"उठतच नाही."

"तहान फार लागते?"

"ती सगळ्या जिल्ह्यालाच लागलीय मॅडम."

"वजन उतरलं?"

"उतरायला मुळात नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "तुमच्या लघवीत साखर आहे. किंचित नाही, भरपूर."

"पण रंग तर चांगला होता," पंचाक्षरी म्हणाला. "पाण्यासारखा."

"रंगावरून पास-नापास करायला लघवी म्हणजे टँकर आहे का? या उन्हाळ्यात, इतकं कमी पाणी पिणाऱ्या माणसाची लघवी गडदच पाहिजे. मूत्रपिंड पाणी वाचवतं. गडद दिसली तर आधी दोन तांबे पाणी प्यायचं आणि पुन्हा बघायचं. मग फिकट झाली तर काळजी नाही. झाली नाही, डोळे पिवळे दिसले, लाल आली, जळजळ झाली, फेस राहायला लागला, तर डॉक्टरकडं यायचं. तुमचं उलटं आहे. साखर बाहेर पडताना आपल्यासोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी भरपूर आणि स्वच्छ. माणूस आतून वाळतो आणि वरून धबधबा."

पंचाक्षरीला घरातली मोरी आठवली.

"आणि नुसती साखर नाही," त्या पुढं म्हणाल्या, "अॅसिटोनही आहे. साखर अंगाला लागत नाही म्हणून शरीर चरबी जाळतंय. असा माणूस आधी बारीक होतो, मग पोट दुखतं, उलट्या होतात, मग बेशुद्ध पडतो. पण एका बाटलीवर मी कुणाचा निकाल लावत नाही. नवा नमुना इथंच द्या, रक्तही द्या."

या वेळी बाटलीबरोबर शिपाई दारापर्यंत आला, त्यामुळं पंचाक्षरीला स्वतःचीच द्यावी लागली. रंग तोच, गाळाचा. रक्तात साखर बेताची निघाली, लघवीत नाहीच. प्रथिनाची पुसटशी खूण होती. बाई म्हणाल्या, "उन्हातून चालत आलात ना? ताप, ऊन, दगदग, यानंही येतं. आठवड्यानं परत पाहू. बहुतेक काही नसेल."

मग त्यांनी दोन्ही निकाल शेजारी ठेवले.

"इतकी साखर एका दिवसात जात नाही. बाटली आमच्याकडंच बदलली असणार. तुम्ही ठीक आहात, उद्या दाखला घेऊन जा." आणि प्रयोगशाळेतल्या माणसाला त्या म्हणाल्या, "काल सकाळी आलेल्या सगळ्यांना निरोप पाठवा. यातला एकजण आजारी आहे आणि त्याला ते माहीत नाही."

पंचाक्षरीनं मान डोलावली आणि तो निघाला. नोकरी मिळाली होती. दवाखान्याबाहेर येईपर्यंत तो आनंदात होता. दुकानापर्यंत पोचेतो आनंद संपला.

"दाजी, दवाखान्यात चला. तुमच्यात साखर निघालीया."

"माझ्यात? कागदावर नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"मग साखर तुझी."

"माझी आज परत तपासली. न्हाई निघाली."

"बाई काय म्हणल्या?"

"बाटली बदलली म्हणल्या."

"झालं तर मग! सरकारी डॉक्टरीण सांगतीया की चूक झाली. तू बी.ए. होऊन तिच्यापेक्षा जास्त शिकलास काय?" रेवणप्पा हसले. हसता हसता त्यांनी पोट दाबून धरलं. "कालपासून जरा मळमळतंय. ऊन बाधलं."

पंचाक्षरीनं बहिणीला गाठलं. "अक्का, दाजींना दवाखान्यात न्यायला पाह्यजे. ते लई पाणी प्यायलेत."

"ते मी लगीन झाल्यापासनं सांगतेय," उमादेवी म्हणाली. "डॉक्टर पाणी कमी करायची गोळी देत असला तर ने."

खरं कारण सांगायचं तर बाटलीची गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती बहिणीला सांगितली की सांजेपर्यंत गल्लीला कळणार होती. गल्लीत त्याच्या कार्यालयातले दोघं राहत. रेवणप्पांनी रात्री भाकरीला हात लावला नाही. पाणी मात्र ते पीत राहिले.

सकाळी दाखला टेबलावर तयार होता. सही झालेली, शिक्का बसलेला. 'शासकीय सेवेस पात्र.' शाई अजून ओली होती. डॉक्टरीणबाई दुसऱ्याच काळजीत होत्या. प्रयोगशाळेतला माणूस सांगत होता, "मॅडम, सगळ्यांना निरोप गेला. तपासलेल्यांत एकातबी साखर न्हाई."

"मग ती बाटली आभाळातून पडली?"

पंचाक्षरीचा हात दाखल्यापासून एक वीत लांब होता. हात पुढं न्यायचा, दाखला उचलायचा, कार्यालयात जायचं, एवढंच काम होतं. दाजी काय, ऊन बाधलं म्हणत होते. ऊन बाधतंच.

"आभाळातून नाही पडली मॅडम," तो म्हणाला. "घरातून आणली. माझ्या दाजींची होती."

मग बाईंनी दाखला ओढून घेतला आणि पेपरवेटखाली ठेवला.

"का?"

"माझी पिवळी होती."

बाईंनी डोळे मिटले. त्या शिकल्या त्या पुस्तकात या आजाराचं नाव नसावं. "ते उलट्या करतायत?"

"मळमळतंय म्हणाले. पोट दुखतंय."

"आत्ता घेऊन या. ते आले नाहीत तर हा दाखला इथून हलणार नाही."

महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. पंचाक्षरी पळत दुकानात गेला. रेवणप्पा गादीवर आडवे झाले होते.

"दाजी, बाईंनी दाखला अडवलाय. तुम्ही आल्याशिवाय देत न्हाईत. आज हजर न्हाई झालो तर नोकरी गेली."

हे मात्र रेवणप्पांना पटलं. ते लगेच उठले. तोल गेला तेव्हा शटर धरून उभे राहिले. "मग आधी सांगायचं न्हाईस! तुझ्या नोकरीसाठी येतो. साखरीसाठी न्हाई, ध्यानात ठेव."

प्रयोगशाळेत बाईंनी त्यांच्या समोरच नळी धरली. नळीत निळंशार द्रावण होतं. त्यात लघवीचे काही थेंब घालून त्यांनी नळी ज्योतीवर धरली. निळं होतं ते हिरवं झालं, हिरवं होतं ते पिवळं झालं, आणि मग नळीच्या तळाशी विटकरी लाल गाळ बसायला लागला.

रेवणप्पा ओणवे होऊन बघत होते. त्यांनी आयुष्यभर एकाच रंगाचा धंदा केला होता.

"हे तांबं हाय," ते म्हणाले.

"तांबंच आहे," बाई म्हणाल्या. "त्या निळ्या पाण्यात मुरलेलं असतं. साखर असली की ते तळाशी बसतं. जेवढी साखर, तेवढं लाल."

रेवणप्पांनी नळी हातात घेतली, उजेडाकडं वळवली, पुन्हा बघितली. कागद खोटा असतो, नाव बदललेलं असतं, डॉक्टर चुकतो. तांबं त्यांना कुणी फसवून विकू शकलं नव्हतं.

"एवढं सगळं माझ्यातलं?"

"तुमच्यातल्या साखरेनं पाडलेलं. थोडी साखर काही वेळा आजार नसतानाही येते, म्हणून रक्त बघतो. तुमचं बघायचं म्हणून बघते. खाटेवर पडा, सलाईन लावते. आणि इन्सुलिन."

"दुकानाला कुलूप लावलं न्हाई," रेवणप्पा म्हणाले, आणि खाटेपर्यंत पोचायच्या आधी त्यांना उलटी झाली.

बाईंनी पहिल्या बाटलीच्या निकालावरचं पंचाक्षरीचं नाव खोडलं, रेवणप्पांचं लिहिलं, बाजूला सही केली. मग पेपरवेट उचललं. "हा दाखला तुम्ही इथं दिलेल्या नमुन्यावर आहे, म्हणून देते. तुम्ही केलेल्या शहाणपणाला यात रकाना नाही. असता तर भरला असता."

पंचाक्षरी कार्यालयात पोचला तेव्हा आस्थापनेचा कारकून कपाट लावत होता. त्यानं हजर करून घेतलं, पण त्या दिवशी हजर झालेल्या सगळ्यांत शेवटी. ज्येष्ठता त्यावरून ठरते. पुढच्या सगळ्या बढत्यांत तो त्या सगळ्यांच्या मागं राहणार होता, आणि राहिला.

रेवणप्पा वाचले. शुद्ध हरपण्याच्या अगदी अलीकडून त्यांना परत आणलं, असं बाई उमादेवीला म्हणाल्या. उमादेवी उशाशी बसून त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होती आणि रडत होती.

त्यांना जरा बरं वाटू लागल्यावर बाजारपेठेतली माणसं भेटायला आली.

"काय शेठ, काय झालं?"

"मला काय होतंय?" रेवणप्पा सलाईनचा हात जपून हलवत म्हणाले. "ह्या पंचाक्षरीच्या नोकरीपायी पडलोय इथं."

लोकांनी पंचाक्षरीकडं पाहिलं. त्यानं मान हलवली आणि इन्सुलिनची बाटली ठेवायला थंड माठ कुठं मिळतोय ते बघायला तो बाहेर गेला.