वाघाचे डोळे

मोरेश्वरनं ब्रशचे केस चिमटून टोक काढलं, वाघाच्या डोळ्यापर्यंत नेलं आणि तसंच खाली आणलं. हात थरथरत होता. थरथर कसली, पार कापत होता.

असं कधी झालं नव्हतं. तासगावकडच्या कितीक शाळांच्या भिंती त्यानं रंगवल्या, बांबूच्या परांचीवर उभं राहून हत्तीच्या सोंडा ओढल्या, पण हात हलला नाही. एक खोड मात्र होती त्याची. जनावर कुठलंही असो, डोळे सगळ्यात शेवटी. आधी काढले की जनावर आपल्याकडंच टक लावून बसतं आणि बाकीचं काम घाईत उरकतं, असं तो म्हणायचा. आज ती खोडच अंगाशी आली.

लेक मनीषा बँकेत, बदली जयपूरला. नात कौमुदी सहा वर्षांची, काळजाला भोक. मालवीय नगरच्या दवाखान्यात तिला ठेवलेलं. मोरेश्वर गावाहून आला तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, ऑपरेशनच्या दाराकडं जाणारी ही बोळ बघितली की पोरं किंचाळतात, काहीतरी काढा त्यांच्यासाठी. कौमुदीनं खाटेवरूनच हुकूम सोडला, वाघ पाहिजे, मोठ्या डोळ्यांचा. ऑपरेशन उद्यावर होतं, म्हणून डोळे आज संध्याकाळी काढायचे ठरलेले. पण मघाशी मनीषा धावत आली. आजच्या नंबरातल्या कुणा पोराला ताप भरला, म्हणून कौमुदीचा नंबर आत्ताच लागला होता.

"आणताहेत तिला, नाना," एवढं बोलली आणि परत पळाली.

वाघ पंजांवर हनुवटी टेकून भिंतभर पसरला होता, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं. डोळा बिघडला तर पोरीचंही बिघडेल, असं काहीतरी मनानं घेतलं होतं. खुळेपणा होता, त्यालाही कळत होतं. पण मनानं मारलेली गाठ अशी सुटते होय?

तिकडून स्ट्रेचरचं चाक कुरकुरलं. मागोमाग कौमुदीचं रडणं, घसा फोडून. नाही जायचं, घरी चल, आई, घरी चल.

त्यानं चपटा ब्रश उचलला आणि दोन्ही भोकांवर नारिंगी रंग फासला. मग काळ्या रंगाची एक रेघ ओढली. वाकडी आली, हिसके खात आली. शेजारी दुसरी, तसलीच. मागं सरून बघितलं तर त्या हिसक्यांच्या पापण्या झाल्या होत्या.

वळणावरून स्ट्रेचर आलं. ढकलणारा वॉर्डबॉय नंदकिशोर वैतागलेला, मनीषाचा चेहरा पांढराफटक. कौमुदीनं पुढच्या किंकाळीसाठी तोंड उघडलं, भिंतीकडं नजर गेली आणि आवाज आतच राहिला.

"भैया, धीरे," ती कुजबुजली. "सो रहा है."

नंदकिशोरनं वाघाकडं बघितलं आणि चवड्यांवर चालायला लागला. चाकाची कुरकुर मंदावली. मोरेश्वरपाशी आल्यावर तिनं त्याचा रंगानं माखलेला अंगठा धरला.

"नाना, मी मोठे डोळे सांगितले होते ना?"

"हाईत की. पापणीखाली हाईत."

तिनं वाघाकडं बघितलं.

"मला पण झोपवणार आहेत. मतलब, सुई देऊन." मग वाघाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "हा उठेल ना?"

मनीषानं तोंड फिरवलं.

"तू बाहेर आलीस की उठंल," मोरेश्वर म्हणाला. "तवर मी हितंच बसतो."

दार बंद झालं.

नंदकिशोर एकटाच परत आला. चित्र झालंच आहे तर ब्रश धुऊन आणतो, म्हणाला. मोरेश्वरनं नको म्हणून मान हलवली. त्यानं डोळ्यांसाठी ठेवलेला पिवळ्या रंगाचा डबा उघडला, वाटीत थोडा काढला आणि स्टूल ओढून वाघाच्या तोंडाशी बसला.

रंगावर साय धरायला लागली की तो थेंबभर पाणी घालायचा, ढवळायचा, आणि दाराकडं बघायचा.