बॉनेटवरचा अंगठा

जुनी मोरपंखी फियाट सदानंद परबांची होती खरी, पण त्यांचा सगळा जीव अडकला होता तो तिच्या बॉनेटच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे जितेशचा अंगठा होता.

जितेश त्यांचा एकुलता एक मुलगा. भंगारात निघालेली ही गाडी त्याने दोन वर्षं खपून उभी केली, पत्रा घासला, रंगही स्वतःच मारला, आणि वाळला का बघायला घाईघाईने अंगठा टेकवला. ठसा उमटला. "राहू दे बाबा, माझी सही समजा," म्हणून हसला होता लबाड. पुढच्याच महिन्यात ताप आला काय नि चार दिवसांत पोर हातचं गेलं काय, कुणाला काही सुधरलंच नाही.

तुळिंजच्या त्यांच्या इमारतीच्या आवारात गाडी उघड्यावरच उभी असायची. पोरांचे चेंडू, कावळ्यांची शिट. सदानंदरावांनी ती समुद्रकाठच्या वटार गावी, मेहुण्याच्या अंगणात नेऊन लावली. छप्पर तिथेही नव्हतं, वर समुद्राचा खारा वारा. पण निदान माणसं आपली होती.

दर रविवारी नवरा-बायको तिथे जायची. आशालताबाई गाडीपाशी जाऊन आपला अंगठा त्या ठशात टेकवायच्या नि तशाच उभ्या राहायच्या. एकदा सदानंदराव खेकसले, "अगं, हात नको लावूस! घासून घासून जाईल एक दिवस." तेव्हापासून त्या बिचाऱ्या पदरात हात गुंडाळून लांबूनच बघायच्या. घरी जितेशच्या फोटोला हार घालायचीही सोय नव्हती. बाईंनी विषय काढला की हे तडकायचे, "हार गेलेल्या माणसाला घालतात. तो तिकडे आहे, वटारला." आता अशा माणसाशी कोण वाद घालणार!

मे संपत आला. मेहुणा शत्रुघ्न नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून गोठ्याला बांधत होता, त्यांच्याकडे दरवर्षीच बांधतात. तो म्हणाला, "भावोजी, गाडीवर पन मांडव घालून झाप टाकतो. बाजू मोकल्या ठेवू. पानी वरूनच येतं असं नाय, खालून बी येतं. वारा खेलला पायजे."

"गोठा नाही हा, शत्रुघ्न!" सदानंदराव ताडकन म्हणाले. चाळीस वर्षं मुंबईला नोकरी केलेल्या माणसाला गुरं राखणाऱ्याने शिकवायचं, हे काही त्यांच्या पचनी पडलं नाही.

त्यांनी खार धुऊन काढायला गाडीवर बादल्या ओतल्या. आभाळ भरून आलं होतं, म्हणून वाळायची वाटही बघितली नाही. प्लास्टिकने ओरखडे पडतील म्हणून आधी जाड गोधडी पसरली, वर निळी ताडपत्री घातली, आणि नायलॉनच्या दोरीने अशी करकचून आवळली की मुंगी शिरायची नाही. झोपलेल्या पोराला पांघरूण घालावं तसं चारही बाजूंनी खोचलं. त्या रात्री त्यांना कित्येक महिन्यांनी झोप लागली.

श्रावणात दोन दिवस लख्ख ऊन पडलं. आशालताबाई म्हणाल्या, "अहो, एकदा सोडा ना ते. वारा लागू दे. मलाही जरा बघू दे त्याला."

"दसऱ्याला," सदानंदराव म्हणाले. "पूजेला सोडू. तोवर कुणी हात लावायचा नाही."

दसऱ्याला हळदकुंकू, नारळ, झेंडूचा मोठा हार घेऊन दोघं वटारला आली. दोरी सोडताच कुबट वास आला. ताडपत्री निघाली. खालची गोधडी भिजून काळी पडली होती, पावसाचा एक थेंब आत न जाता. दाराचा, छताचा रंग जागोजाग फुगला होता.

सदानंदराव बॉनेटकडे धावले.

"हलू, भावोजी, हलू! आधी वालू द्या," शत्रुघ्न ओरडला. पण त्यांना कुठला धीर! त्यांनी गोधडीचा कोपरा धरला नि खस्सकन ओढला.

रंग तिच्याबरोबर निघून आला. उजव्या कोपऱ्यात नुसता गंजलेला पत्रा उरला.

सदानंदराव गोधडीपाशी खाली बसले. गोधडीला चिकटलेले मोरपंखी पापुद्रे ते नखांनी सोडवायला लागले, एक हातात घ्यावा तर त्याचे चार तुकडे व्हायचे. कुठला अंगठ्याचा नि कुठला नुसताच, काही ओळखू येईना. "इथेच असेल गं, इथेच कुठेतरी असेल," ते पुटपुटत होते. आपणच केलं हे, आपल्याच हातांनी, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

आशालताबाई रडल्या नाहीत. त्यांनी त्या गंजलेल्या जागी अंगठा टेकवला. आज त्यांना कुणी अडवलं नाही.

"माझ्या बोटाने काय झिजणार होतं हो ते?" त्या म्हणाल्या. "इतके महिने मला त्याला हात लावू दिला नाहीत."

सदानंदराव पापुद्रेच गोळा करत राहिले. बाईंनी पूजेच्या ताटातला झेंडूचा हार उचलून पिशवीत ठेवला.

"उठा," त्या म्हणाल्या. "घरी जाऊ. हा फोटोला घालते."

सदानंदराव नाही म्हणाले नाहीत.