पट्टी बांधून वाचणारी मुलं

शाळेच्या सभागृहात खुर्च्या अडीचशे आणि माणसं चारशे. खुर्च्या मीच मांडल्या होत्या, म्हणून आकडा पक्का आहे. उरलेले पालक खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले होते आणि एक आजोबा तर चपला काढून टेबल टेनिसच्या टेबलावर मांडी घालून बसले होते.

व्यासपीठावर चौथीतला एक मुलगा डोळ्यांवर जाड काळी पट्टी बांधून टेबलापाशी उभा होता. टेबलावर वर्तमानपत्र होतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं आणि अडखळत वाचलं, "विकणे आहे. लाकडी कपाट, दोन दारांचे. आरसा फुटलेला."

सभागृहाने एकदम श्वास घेतला. मग त्याने लाल पेन्सिल लाल म्हणून ओळखली, निळी निळी म्हणून. त्याच्या आईने डोळे पुसले. शेजारच्या बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, आपला मुलगा डोळे उघडे ठेवूनसुद्धा इतकं वाचत नाही.

"पालकहो," प्रशिक्षक म्हणाले, "डोळे या नुसत्या खिडक्या. बघतो तो मेंदू. मेंदूच्या मधोमध एक कप्पा असतो आणि चौदाव्या वर्षी तो कायमचा बंद होतो. आम्ही तो त्याआधी उघडतो. लहरींनी."

कसल्या लहरी, हे कोणी विचारलं नाही. शिक्षकांच्या खोलीत आम्ही या गृहस्थांना पट्टीवाले सर म्हणत असू, अर्थात हळू आवाजात.

मी गणित शिकवते, चोवीस वर्षं. या काळात मुलांना अपूर्णांक किती कळले ते देव जाणे, पण परीक्षेत कॉपी करणाऱ्याची मान मी सभागृहाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखते. शेजाऱ्याचं बघणारा मान तिरकी करतो. मांडीवर चिठ्ठी ठेवणारा मात्र खोल विचारात असल्यासारखी हनुवटी वर करतो आणि नजर नाकाच्या कडेने खाली सोडतो. चौथीतल्या त्या मुलाची हनुवटी थेट छताकडे होती.

इथे पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं. पण पट्टीवाल्या सरांना मुख्याध्यापकांनी बोलावलं होतं. शाळेची पटसंख्या घसरत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पालक तक्रार न घेता शाळेत आले होते. मी मूग गिळून बसले. टाळ्याही वाजवल्या. हळू, पण वाजवल्या.

सरांचे वर्ग शाळेत सुरू झाले आणि महिन्याभरात सहावीतले तीस जण पट्टी बांधून वाचू लागले. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे सगळे तिला प्रोफेसर म्हणत. एके दिवशी ती चष्म्याशिवाय आली. मी फळ्यावर आठ लिहिला की वहीत तीन, सहा लिहिला की शून्य. तिची सगळी उत्तरं बरोबर होती, गणितंच वेगळी होती. मधल्या सुट्टीत ती जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि तिचा गुडघा फुटला.

मी तिच्या आईला बोलावलं. आई शिवणकाम करते. गळ्यातली टेप काढायचंही विसरून ती धावत आली होती.

"सर म्हणाले चष्मा म्हणजे कुबडी आहे. तीन महिने काढून ठेवा, आतला डोळा उघडला की नंबर जाईल."

"आणि नाही गेला तर?"

"बाई, तुम्ही गणिताच्या. तुम्हाला सगळ्यातच शंका." मग गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, "माझ्या आईला शेवटी शेवटी काही दिसत नव्हतं. हिचा नंबर दरवर्षी वाढतोय. डॉक्टर नुसत्या काचा बदलून देतात. नंबर जाईल असं म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला."

 चष्मा तिच्या पर्समध्येच राहिला.

पुढच्या आठवड्यात प्रोफेसर मला जिन्याखाली रडताना सापडली. पुस्तक टेबलावरून उचलायचं नाही, असा पट्टीवाल्या सरांचा नियम. बाकी सगळे वाचत, हिला एक अक्षर येत नसे. सर म्हणत, श्रद्धा कमी पडते.

"बाई," ती म्हणाली, "मला वाटतं माझ्याच मेंदूत तो कप्पा नाहीये."

मला माझ्या त्या टाळ्यांची लाज वाटली. तिची पट्टी घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत गेले आणि ती स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. गाल आणि नाक यांच्या मधल्या खळग्यात कापड टेकत नव्हतं. त्या फटीतून मला टेबलावरचं वेळापत्रक स्वच्छ दिसलं. शुक्रवारी माझे सलग सात तास होते, तेही दिसलं.

आता उठून 'मुलं फसवतात' असं म्हटलं असतं, तर त्या दिवशी तीस घरांत तीस मुलांनी मार खाल्ला असता. परीक्षेला बसणाऱ्यांवर संशय असेल तर त्यांना बदडायचं नसतं, परीक्षा बदलायची असते. एवढं मला येतं.

समारोपाच्या कार्यक्रमाला सभागृह पुन्हा तुडुंब भरलं. पट्ट्या बांधायचं काम माझ्याकडे होतं, कारण ज्या कामाला माणूस मिळत नाही ते आमच्याकडे 'बाई करतील' या सदरात जातं. पट्टीवाल्या सरांनी छातीवर हात ठेवला. "कोणीही यावं आणि तपासावं. सत्याला भीती नसते."

"मग आधी आपल्या मुख्याध्यापकांनाच बसवू या," मी म्हटलं. "त्यांचा कप्पा बंद होऊन चाळीसेक वर्षं झाली असतील. त्यांना काहीच दिसणार नाही, म्हणजे मुलांचं कौतुक जास्त."

मुख्याध्यापक हौसेने बसले. मी पट्टी घट्ट बांधली आणि टेबलावर वर्तमानपत्र ठेवलं.  मग त्यांची हनुवटी सावकाश वर गेली.

"उद्या... सकाळी... पाणीपुरवठा बंद राहील," त्यांनी वाचलं आणि दचकले. माणूस भोळा, पण खोटं बोलणारा नाही. "अहो बाई, मला नाकाशेजारून दिसतंय."

"अभिनंदन, सर," पट्टीवाले चटकन म्हणाले. "काहींचा कप्पा जन्मतः उघडा असतो."

"मग आणखी किती जण तसे जन्मले आहेत ते पाहू," मी म्हटलं आणि पट्ट्यांची पिशवी पालकांत फिरवली. पाचच मिनिटांत सभागृहभर हनुवट्या वर झाल्या. कोणी स्वतःच्या बुटांचा रंग सांगू लागलं, कोणी मांडीवरची कार्यक्रमपत्रिका वाचू लागलं. टेबल टेनिसच्या टेबलावरचे ते आजोबा याही वेळी तिथेच होते. ते म्हणाले, "मला मोतीबिंदू आहे, तरी वाचता येतंय."

मग मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'शाळा' लिहिलं आणि मुख्याध्यापकांच्या कपाळासमोर धरलं. त्यांना काही दिसेना. पट्टी बांधलेल्या पालकांनी आपापल्या पत्रिका कपाळासमोर धरल्या, त्यांनाही काही दिसेना. पुठ्ठा छातीखाली आणल्याबरोबर मुख्याध्यापक म्हणाले, "शाळा," आणि पत्रिका मांडीवर ठेवलेले पालकही एका सुरात वाचू लागले.

"लहरी खालून वर येतात," पट्टीवाले म्हणाले.

"म्हणजे पुस्तक पोटावर बांधायचं का?" मागून एका बापाने विचारलं. हसण्याच्या गदारोळात पट्टीवाल्यांचं उत्तर कोणालाच ऐकू आलं नाही.

पण प्रोफेसरची आई हसत नव्हती. ती उठून पुढे आली, पर्समधून चष्मा काढला, स्वतःच्या हाताने मुलीच्या नाकावर ठेवला आणि त्यावरून पट्टी बांधली. "वाच," ती म्हणाली.

मुलीने हनुवटी वर केली आणि टेबलावरच्या पुस्तकातला अख्खा परिच्छेद न अडखळता वाचला.

आई पट्टीवाल्यांकडे वळली. आवाज चढवला नाही. "सर, ती आतल्या डोळ्याने वाचत होती, तर त्याला चष्मा कशाला लागला?"

पट्टीवाल्यांना दुसऱ्या शाळेत कार्यक्रम असल्याचं एकाएकी आठवलं. ते गेले, पट्ट्या आमच्याकडेच राहिल्या. आईने मुलीचा चष्मा पदराने पुसला आणि मला विचारलं, "डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात कधी जायचं? नंबर वाढतो तो का वाढतो, ते तरी विचारते."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, कोणालाही शिक्षा होणार नाही, खरं काय ते बोला.  मग मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"बाई, मला खालून दिसत होतं. पण मला वाटलं, बाकीच्यांना खरंच आतून दिसतंय. मी एकटाच लबाडी करतोय."

"मलाही तसंच वाटलं," दुसरी म्हणाली. मग तिसरा हात, मग दहावा. अख्खा वर्ग एकमेकांकडे बघत राहिला. महिनाभर तीस मुलं एकेकटी घाबरून बसली होती, आणि ज्या मुलीने लबाडी केली नव्हती तिला श्रद्धा कमी म्हणून रडवलं होतं.

मग मीही हात वर केला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मी म्हटलं, "आणि तरी मी टाळ्या वाजवल्या."

वर्गाला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. चमत्कार मोडायला कोणी विद्वान लागत नाही. खालून दिसत असेल, तर 'मला खालून दिसतंय' एवढंच मोठ्याने म्हणा. शेजारी बसलेलाही तेच म्हणायची वाट बघत असतो.